पाणी बघून होडी, होडी बघून मशीन

वेसाव्याच्या बंदरावर भरतीची वेळ विचारली, तर जुना तांडेल घड्याळाकडे न बघता आधी तिथी विचारतो. तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीचा तास हाती येतो. अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. थोडाफार फरक पडतो, पण बोट गाळात बसून राहणार की सुटणार, हे सांगायला एवढा हिशेब पुरतो. पहिली मासेमारी बोट घ्यायला निघालेल्या तरुणाने कुठल्याही विक्रेत्याच्या दारात उभे राहण्याआधी हा हिशेब आपल्या खाडीला लावून पाहावा. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात बोटीची लांबी आणि मशीनची ताकद सर्वांत आधी पाण्याची खोली ठरवते. खिशाचा नंबर त्यानंतर लागतो.

उपनगरांना दोन किनारे आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा. पश्चिमेला खार दांडा, जुहूचे मोरागाव, वेसावे, मढ, भाटी, एरंगळ, मनोरी, गोराई अशी कोळीवाड्यांची रांग. समोर उघडा अरबी समुद्र, आणि वेसावे, मनोरी, गोराईला खाडीचा आडोसा. पूर्वेला मुलुंड, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर यांच्या पाठीशी ठाण्याची खाडी. तिथे खारफुटी, गाळ आणि ओहोटीला दूरवर उघडा पडणारा चिखल. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार ते पाच मीटरपर्यंत चढते आणि सहा-सव्वासहा तासांत उतरते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, हाच चढउतार बराच मंदावतो. वेसाव्याच्या खाडीच्या तोंडाशी साचणारा गाळ उपसावा, ही तिथल्या मच्छीमारांची जुनी मागणी आहे. तोवर मोठ्या बोटीला आत-बाहेर करायला भरतीची वाट बघावी लागते. एक मीटर पाणी मागणारी बोट आणि अर्ध्या मीटरवर तरंगणारी होडी यांच्यात रोजचे तीन-चार तास पडतात. महिन्याच्या हिशेबात ते फार होतात.

नवखा माणूस बहुतेकदा उलट्या टोकाने सुरुवात करतो. शेजाऱ्याने चार सिलिंडरचे इंजिन बसवले, म्हणून याला सहाचे हवे असते. ‘किती एचपी?’ हा पहिला प्रश्न, ‘किती फुटी?’ हा दुसरा, आणि ‘कुठले जाळे मारणार?’ हा प्रश्न कर्ज मंजूर झाल्यावर येतो. क्रम असा उलटला की बोट जन्मभर डिझेल पीत राहते.

जाळ्यापासून सुरुवात केली, तर अर्धी निवड आपोआप होते. डोल हे या किनाऱ्याचे खास जाळे. लांबच लांब पिशवीसारखे. तोंड प्रवाहाकडे करून समुद्रात रोवलेले. रोवण्याच्या तऱ्हा तीन, आणि त्यांना खुंट, सुस आणि कव अशी नावे आहेत. पाण्याच्या ओढीबरोबर बोंबील, जवळा, करंदी, मांदेली आत जातात आणि ओढ मंदावली की जाळे उचलायचे. पाणी फिरायच्या आत काम उरकले पाहिजे. त्यामुळे डोलीच्या बोटीला वेळेवर पोहोचण्याची खात्री हवी, ओल्या जाळ्यांचे आणि मासळीचे ओझे सोसणारे पोट हवे, आणि जाळे उचलताना एका जागी ठाम राहण्याची ताकद हवी. वेगाची शर्यत इथे कोणाशीच नाही. दालदीवाल्याचे, म्हणजे पाण्यात जाळे तरंगत सोडणाऱ्याचे, वेगळे. पापलेट, घोळ, सुरमई यांच्या मागे तो लांब जातो, बर्फ नेतो, रात्री बाहेर काढतो. त्याला साठवणीची जागा, झोपायला आडोसा आणि परतीच्या डिझेलची टाकी मोजावी लागते. ट्रॉलर तर वेगळीच जात. जाळे तळावरून फरफटत न्यायचे म्हटल्यावर इंजिनाचा कस लागतो आणि अश्वशक्तीचा आकडा तिथे खरोखर कामाचा ठरतो. गळ, पाग किंवा चिंबोऱ्यांचे फग घेऊन खाडीतच फिरणाऱ्याला यातले काहीच नको. हलकी होडी, लहान मशीन आणि वल्ह्यांची जोडी यावर त्याचे घर चालते.

पहिली बोट ट्रॉलर असू नये, हे इथे स्पष्ट सांगितलेले बरे. भांडवल मोठे, खलाशी जास्त, डिझेलचा खर्च रोजचा आणि मासळी कमी पडली तरी हप्ता चुकत नाही. डोल किंवा दालदीवर चार हंगाम काढलेल्या माणसाला समुद्राची आणि खलाशांचीही ओळख झालेली असते. नंतर मोठे पाऊल टाकले, तर ते पेलते.

आता वेगाचा हिशेब, कारण मशीन निवडताना सगळ्यात जास्त पैसा इथे बुडतो. पाणी कापत नव्हे, तर पाणी बाजूला सारत जाणाऱ्या जड बोटीला निसर्गानेच एक वेगमर्यादा घालून दिली आहे. पाण्याला टेकलेल्या लांबीचे फुटांत वर्गमूळ काढायचे आणि त्याला १.३४ ने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे नॉटमधला वेग. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. सोळा फुटांच्या होडीला हा आकडा सुमारे ५.४ येतो, पंचवीस फुटांच्या बोटीला ६.७, छत्तीस फुटांच्या बोटीला ८. या मर्यादेजवळ बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात बसते. पुढे नाळेखाली लाट फुगते, मागचा भाग खाली दबतो आणि बोट जणू चढावर ओढली जाते. त्यानंतर दुप्पट ताकदीचे इंजिन बसवले, तरी वेग अर्ध्या-पाऊण नॉटने वाढेल आणि टाकी मात्र दुप्पट वेगाने रिकामी होईल.

मर्यादेच्या आतसुद्धा वेग महाग असतो. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनात वाढते. छत्तीस फुटी बोट दहा सागरी मैलांवरच्या डोलीकडे निघाली आहे असे धरू. सहा नॉटने ती एक तास चाळीस मिनिटांत पोहोचते, सात नॉटने एक तास सव्वीस मिनिटांत. वाचली चौदा मिनिटे. त्या चौदा मिनिटांसाठी तेवढ्याच अंतराला सुमारे छत्तीस टक्के जास्त डिझेल जळाले. उलट बाजूने पाहिले तर वेग एक-पंचमांशाने उतरवला की इंजिनावरचा भार जवळपास निम्मा होतो. भाव पडायच्या आत मासळी धक्क्याला लावायची घाई खरी असते. पापलेट घेऊन येणाऱ्याने कधी चौदा मिनिटे विकत घ्यावीत. पण ओहोटीमुळे खाडीच्या तोंडाशी तासभर थांबायचेच असेल, तर त्या घाईत फक्त डिझेल जाते.

मग किती अश्वशक्ती? जड चालीच्या बोटीसाठी बोटबांधणीतला सर्वसाधारण ठोकताळा असा की जाळी, बर्फ, डिझेल, माणसे आणि मासळीसकट भरलेल्या बोटीच्या दर टनाला तीन ते पाच अश्वशक्ती. सहा टन भरणाऱ्या बोटीला अठरा ते तीस. तळाचा आकडा शांत पाण्याचा, वरचा उघड्या समुद्राचा. इंजिन दिवसभर पूर्ण ताणून चालवायचे नसते, सत्तर-ऐंशी टक्क्यांवर चालवायचे असते. तेवढा हात राखून वरच्या आकड्याकडे झुकावे. त्याच्याही पुढे गेले की वजन वाढते, डिझेल वाढते, मासळीची जागा कमी होते.

हात राखण्याचे कारण ओढ आहे. उधाणाच्या ओहोटीला खाडीच्या तोंडाशी तीन नॉटची ओढ असेल आणि भरलेली बोट पाच नॉट काढत असेल, तर किनाऱ्याच्या हिशेबाने ती दोनच नॉटने सरकते. त्यात समोरून वारा आला, की बोट जागच्या जागी घुमते. अशा वेळी मशीन कमी पडले, तर ते जिवावर बेतते. म्हणून ‘लहानात लहान घ्या’ हा सल्लाही आंधळेपणाने देता येत नाही. ओझे भरून, उलट्या ओढीत, खवळलेल्या पाण्यात तीन नॉट तरी पुढे सरकता आले पाहिजे. एवढे साधले की त्यावरची अश्वशक्ती हौसेच्या खात्यात धरावी.

इंजिनावरचा आकडा आणि पाण्यात उतरणारी ताकद यांच्यात पुन्हा अंतर असते. पश्चिम किनाऱ्यावरच्या पुष्कळ मोठ्या बोटींत मूळचे ट्रकचे इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होईल असे बदलून बसवलेले आढळते. रस्त्यावर ट्रकला पूर्ण ताकद चढावर घटकाभर लागते. बोटीला ती तासन्‌तास लागते, उतार तिला कधीच मिळत नाही. म्हणून विकत घेताना सलग चालण्याची ताकद किती, हे विचारावे. जाहिरातीतला आकडा विचारू नये. गिअरबॉक्स आणि पंखा यांवर तर निम्मा कारभार अवलंबून असतो. मोठ्या पात्यांचा, सावकाश फिरणारा पंखा जड बोट ढकलतो. लहान, भरभर फिरणारा पंखा पाण्याचा फेस करतो. दोन बोटी सारख्या, इंजिने सारखी, आणि एकीला फेरा कमी करणारा गिअर आणि मोठा पंखा असेल, तर तीच डोल ओढताना ठाम उभी राहते. मात्र पंखा मोठा म्हणजे खोली जास्त, आणि खोली जास्त म्हणजे पुन्हा तिथीचा हिशेब.

मालाडच्या खाडीत पंख्याला आणखी एक शत्रू आहे: प्लास्टिक. पिशव्या, दोऱ्या, जुन्या जाळ्यांचे तुकडे ओहोटीबरोबर वाहत येतात आणि शाफ्टभोवती गुंडाळतात. वेसाव्याच्या चौपाटीवर अफरोज शहा यांनी २०१५ मध्ये सुरू केलेली स्वच्छता मोहीम जगभर गाजली, पण खाडीत कचरा येणे थांबलेले नाही. आतल्या इंजिनाचा शाफ्ट अडकला, तर कोणाला तरी सुरी घेऊन पाण्यात उतरावे लागते. आउटबोर्ड असेल तर ते बोटीच्या मागच्या फळीवरून उचलायचे, पंखा वर आणायचा आणि पिशवी कापून काढायची. दोन मिनिटांचे काम. खाडीत फिरणाऱ्या लहान होडीसाठी आउटबोर्डच्या बाजूने बोलणारी ही सर्वांत भक्कम गोष्ट आहे. उथळ पाण्यात ते उचलता येते, रात्री घरी नेता येते, बिघडले तर मेस्त्रीकडे मशीनच जाते, बोट नाही.

विरुद्ध बाजूही तितकीच खरी आहे. चांगल्या डिझेल इंजिनाला एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटर डिझेल लागते. जुन्या धाटणीच्या टू-स्ट्रोक आउटबोर्डला तेवढ्याच ताकदीसाठी जवळपास दुप्पट इंधन लागते, तेही पेट्रोल. फोर-स्ट्रोक मशीन कमी पिते, पण वजनाला जास्त आणि दुरुस्तीला नाजूक. शिवाय आउटबोर्डचा पंखा लहान. हलकी फायबरची होडी तो पाण्यावर उडवतो, पण चार माणसे, बर्फ आणि अर्धा टन मासळी चढली की तीच होडी पाणी ढकलू लागते आणि चाळीस अश्वशक्तीचे मशीन हंबरत राहते. मागच्या फळीला किती ताकद झेपेल, हे बांधणारा सांगतो. नाकापेक्षा मोती जड केला, तर मागचा भाग बसतो आणि मागून आलेली लाट सरळ आत येते. पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या, खाडीतले फग, किनाऱ्याजवळचा गळ यासाठी आउटबोर्ड. रोजचे चार-सहा तास आणि ओझे असेल तर आतले डिझेल इंजिन. मुंबईच्या कोळीवाड्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून शिडाच्या बोटींत इंजिने बसवली, ती आतलीच. त्या बोटींचे पोट खोल आणि पठाण, म्हणजे तळाचा कणा, भक्कम होते, त्यामुळे ती त्यांना मानवली.

केरळने दुसरा रस्ता धरला आणि त्याचे फळ शिकण्यासारखे आहे. तिथे १९८० च्या दशकात पारंपरिक वल्ह्यांच्या होड्यांना सात-आठ अश्वशक्तीची आउटबोर्ड लागली. शेजाऱ्याच्या आधी माशांच्या थव्यापर्यंत पोहोचायचे, म्हणून आकडा चढत गेला; मोठ्या रिंगसीन होड्यांवर चाळीस अश्वशक्तीची दोन-तीन मशीन एकत्र दिसू लागली. सगळेच वेगवान झाल्यावर कोणीच आधी पोहोचेना, इंधनाचे बिल मात्र सगळ्यांचेच वाढले. त्याच केरळात, कोचीतल्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने २०१६ मध्ये ‘सागर हरिता’ ही बोट पाण्यात उतरवली. तळाचा आकार सुधारून आणि वजन कमी करून तिला सारख्या मापाच्या इतर बोटींपेक्षा कमी अश्वशक्तीचे इंजिन पुरेल, हा तिच्यामागचा विचार होता. आपल्याकडे अंधेरीतच, वेसाव्याला, १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था आहे. तिच्या भिंतीपासून कोळीवाडा चालत जाण्याच्या अंतरावर. पहिली बोट घेणाऱ्याने तिथे जाऊन दोन प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही.

नियमही बोटीचा आकार घडवतात. अलास्कातल्या ब्रिस्टल बे या सामन माशांच्या उपसागरात १९५१ पर्यंत मच्छीमारांना इंजिनच वापरता येत नव्हते, शिडावर मासेमारी चाले. इंजिनाला परवानगी मिळाली, पण बोटीची लांबी बत्तीस फुटांवर बांधलेली राहिली. लोकांनी लांबी वाढवली नाही. बोटी रुंद केल्या, पोट फुगवले आणि इंजिने वाढवत नेली. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, २०२१ च्या दुरुस्तीने त्यातले दंड बरेच वाढले. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत. एलईडी दिव्यांची मासेमारी बंद आहे, पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून कडक मर्यादा आहेत. बोट बांधायच्या आधी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी, बांधल्यावर नोंदणी, मग मासेमारीचा परवाना, असा क्रम आहे. तो उलटला, तर तयार बोट काठावर उभी राहते आणि व्याज चालू राहते. नोंदणी आता ‘रिअलक्राफ्ट’ या संगणकीय प्रणालीवर होते. बोटीच्या अंगावरचा ‘आयएनडी-एमएच’ने सुरू होणारा क्रमांक तिथूनच येतो.

या कागदांना मुंबईत वेगळे वजन आहे. दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट पळवून आणली आणि २६ नोव्हेंबर २००८ रोजी आउटबोर्ड लावलेल्या रबरी होडीतून ते कुलाब्याच्या मच्छीमार वसाहतीजवळ उतरले. त्यानंतर मच्छीमारांची बायोमेट्रिक ओळखपत्रे आली, बोटींना राज्यनिहाय रंग आले, समुद्रातली तपासणी वाढली. जुने मशीन घेताना त्यावरचा क्रमांक आणि बिल जुळते का, हे म्हणूनच पाहायचे असते. खोडलेल्या क्रमांकाचे मशीन कितीही स्वस्त असो, घेऊ नये. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरला एक लाख बोटींवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. मोबाइलची रेंज संपल्यावरही त्यावरून धोक्याचा निरोप देता येतो. अशा उपकरणाची बोटीवर जागा आणि बॅटरीची सोय आधीच धरून ठेवावी.

पैशाच्या बाजूला आता थोडा अनुकूल वारा आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पात्र कामांना सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अर्थसाहाय्य आहे, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या जुन्या बोटी व जाळी बदलण्याचाही त्यात समावेश आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा यांत्रिक बोटींना सहकारी संस्थांमार्फत मिळतो. म्हणजे संस्थेचे सभासदत्व हा बोटीचाच एक भाग समजावा. पण परतावा आधी खर्च केल्यावर मागाहून येतो. तो गृहीत धरून मोठे इंजिन घेणाऱ्याचे घोडे पहिल्याच दोन महिन्यांत अडते. वर्षाचा हिशेब दहाच महिन्यांचा करायचा, कारण १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. बिगरयंत्राच्या पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नाही. खाडीतली वल्ह्यांची होडी म्हणूनच अनेक घरांत मोठ्या बोटीच्या जोडीला टिकून आहे.

पहिली बोट बहुतेकांची जुनीच असते. त्यात कमीपणा काही नाही; समुद्राने तपासलेली बोट नव्या बोटीपेक्षा जास्त सांगते. फक्त तिला बोलते करता आले पाहिजे. ती ओहोटीला, गाळावर टेकलेली असताना बघावी, कारण पाण्याखालचे अंग तेव्हाच दिसते. लाकडी बोट असेल तर हातोड्याचा दांडा घेऊन पठाणापासून वर एकेक फळी ठोकत जायचे. निरोगी साग टणक वाजतो. आवाज बोदला आला की तिथे चाकूचे टोक लावायचे. ते लोण्यात शिरावे तसे शिरले, तर पाण्यातल्या किड्याने आतून लाकूड पोखरलेले आहे, वरून कितीही रंग दिलेला असो. दोन फळ्यांच्या सांध्यातला कापूस उकरून आला, की पुढचे सहा महिने पाणी उपसण्यात जाणार. फायबरच्या बोटीला किडा लागत नाही, पण मागच्या फळीत आत लाकूड असते आणि त्यात पाणी शिरलेले असू शकते. तिथे पाय रोवून उभे राहावे आणि आउटबोर्ड बसते ती जागा हाताने हलवून पाहावी. दबली किंवा चरचरली तर आत कुजले आहे. कोपऱ्यांतल्या बारीक केसाएवढ्या भेगा नुसत्या रंगाच्या आहेत की खोल, हे नख फिरवून कळते.

मग इंजिन. विकणारा बहुधा ते आधीच चालू करून ठेवतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, थंड असताना जावे. तेलाची पट्टी बाहेर काढून बोटांवर पुसावी. तेल काळे असेल तर चालते, दुधट असेल तर त्यात पाणी शिरले आहे. चालू होताना थोडा धूर येणारच. दहा मिनिटांनंतरही निळा धूर थांबला नाही, तर इंजिन तेल खात आहे. शाफ्ट बोटीतून बाहेर पडतो तिथे थेंबथेंब पाणी येणे ठीक, धार लागणे वाईट. आणि थंड करणारे पाणी बाहेर पडते ती नळी हाताने तपासावी. आत मीठ आणि गंज साचून ती अरुंद झाली असेल, तर समुद्रात मधोमध इंजिन तापेल.

लाकूड की फायबर, याचे उत्तर घराच्या मागच्या अंगणात मिळते. सागवानी बोट जड, लाटेत शांत, दुरुस्तीला गावातला मेस्त्री पुरतो. पण दर पावसाळ्यात तिला वर ओढून तासणे, कापूस भरणे, तेल-रंग हे करावेच लागते, आणि चांगला साग महाग झाला आहे. फायबरची होडी हलकी, लहान मशीनवर चालते, देखभाल कमी; पण हलकेपणामुळे वाऱ्याला जास्त हलते आणि खडकावर घासली तर दुरुस्तीला माहीतगार हात लागतो. खडकाळ किनाऱ्याच्या मढकडे आणि गाळाच्या गोराईकडे याची उत्तरे वेगळी निघतील. पंचवीस फुटांच्या आतली पहिली होडी फायबरची असावी आणि डोलीचे ओझे वाहणारी मोठी बोट जमत असेल तर लाकडाची असावी, असे इथे सुचवावेसे वाटते.

पूर्वेकडची गोष्ट थोडक्यात, कारण तिथे निवडीला वावच थोडा आहे. ठाणे खाडीत गाळ वाढला, पाणी उथळ झाले. खाडीचा मोठा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. मुलुंड-भांडुपकडच्या मच्छीमाराच्या वाट्याला बोय, कोळंबी, चिंबोरी, निवट्या असे खाडीचे धन येते. त्याला सोळा-अठरा फुटांची, सपाट तळाची, अर्ध्या मीटर पाण्यावर तरंगणारी होडी हवी. सोळा फुटी होडीची वेगमर्यादा आधीच साडेपाच नॉटच्या आत. आठ-दहा अश्वशक्तीपुढचे मशीन तिथे फक्त चिखल उडवेल. वल्हे आणि बांबू मात्र बोटीत ठेवावेच. ओहोटीने फसवले, तर तेच कामाला येतात.

सुटीच्या दिवशी गळ टाकायला जाणारे हौशी लोक बोरिवली-अंधेरीत वाढत आहेत. त्यांना मासळी विकायची नसते, पण त्यांच्या होडीलाही कागद लागतात. मासेमारीच्या नोंदणीबाहेरच्या लहान जलयानांचे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. त्यांनी निदान पहिले वर्ष कोळीवाड्यातल्या जाणत्या माणसाबरोबर फिरावे.

हवेबद्दल कोणी हयगय करू नये. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’ हे चक्रीवादळ कोकण किनाऱ्याला धडकले, तेव्हा मासेमारीचा हंगाम भरात होता आणि अनेक बोटी बाहेर होत्या. मे २०२१ च्या ‘तौक्ते’ने नांगरावर असलेल्या बोटींनाही सोडले नाही. हवामान खात्याचा इशारा आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेचे लाटांचे अंदाज मोबाइलवर फुकट मिळतात. हीच संस्था मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे, तेही कळवते, आणि त्यामुळे शोधाशोधीतले डिझेल वाचते. मशीनवर दहा अश्वशक्ती वाढवण्यापेक्षा त्या पैशात माणशी एक जीवरक्षक जाकीट, दुसरी बॅटरी, जास्तीचा नांगर आणि दोर घेतलेला बरा.

सौदा पक्का करण्याआधी बोट भरून चालवून पाहावी, रिकामी नव्हे. मासळी नसेल तर पाण्याचे पिंप भरावेत, चार माणसे चढवावीत. मढ आणि वेसाव्याच्या मधल्या पाण्यात मोबाइलवर वेग लावून एकदा ओढीबरोबर आणि एकदा ओढीविरुद्ध जायचे, आणि दोन्ही आकड्यांची सरासरी काढायची. मग इंजिन पूर्ण ताणून त्याचे फेरे बघायचे. बनवणाऱ्याने सांगितलेल्या फेऱ्यांच्या बरेच खाली अडकले, तर पंखा मोठा आहे आणि इंजिन गुदमरते आहे. सहज वर निघून गेले, तर पंखा लहान आहे आणि ताकद फेसात जाते आहे. पंखा बदलायला फार खर्च येत नाही. इंजिन बदलायचे म्हटले तर पुन्हा कर्ज काढावे लागते. परतताना टाकीत पट्टी घालून किती डिझेल गेले, ते मोजून वहीत लिहावे. पहिल्या पानावर त्या दिवशीची तिथीही लिहावी.